वजडी धुण्याआधी: चपट्या कृमींच्या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून मी 'हेल्मिन्थॉलॉजी' निवडलं, म्हणजे कृमींचा अभ्यास. वाटलं होतं, सर पहिल्या दिवशी मायक्रोस्कोप दाखवतील, जाडजूड पुस्तकं देतील. सर म्हणाले, "रविवारी पहाटे पाचला कत्तलखान्यावर जा. वजडी धुण्याआधी पोच. एकदा धुतली की तुझा विषय गटारात गेला."

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, डिसेंबरची थंडी, एका हातात मिठाच्या पाण्याचा थर्मास आणि दुसऱ्या हातात फरसाणाच्या दुकानातून मागून आणलेली प्लास्टिकची बरणी. तिथल्या काकांनी म्हशीचं पोट उघडून आतली बाजू वर केली, आणि त्या टॉवेलसारख्या खरखरीत आवरणावर डाळिंबाचे दाणे पेरल्यासारखे गुलाबी ठिपके दिसले. शेकड्यानं. जवळ गेल्यावर कळलं की दाणे हळूहळू आखडतायत, सैल होतायत. "हे रोजचंच, ताई. गरम पाणी टाकलं की सुटतात," काका म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला जिवंत चपटाकृमी हा असा होता, आणि तो चपटा अजिबात नव्हता. चांगला गुबगुबीत, शंकूसारखा. अँफिस्टोम म्हणतात या गटाला. पॅराम्फिस्टोमम, गॅस्ट्रोथायलॅक्स वगैरे त्यातल्या प्रजाती, म्हणजे जीनस (एका प्रजातीत अनेक जाती असतात). शाळेपासून पाठ केलेली पहिलीच ओळ, "यांचे शरीर पानासारखे किंवा पट्टीसारखे चपटे असते", तिथंच गडगडली. पुढं जे सांगणार आहे ते सगळं या गडगडण्यातून शिकलेलं आहे. या विषयात आधी जनावर पाहायचं आणि मग नाव लावायचं. आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं चालतं.

मग चपटा नसलेला हा प्राणी चपट्याकृमींच्या संघात का? तर बाहेरच्या आकारापेक्षा आत काय नाही ते बघा. रक्त नाही, हृदय नाही, श्वसनाचं इंद्रिय नाही. शरीराची भिंत आणि आतडं यांच्यामध्ये पोकळी नाही, सगळं भरीव. आतडं असलं तरी त्याला एकच तोंड. खाल्लं तिथूनच उरलेलं बाहेर. पाणी आणि टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला ज्वालापेशी असतात. त्यांच्या आत केसांचा झुबका असा फडफडत असतो की जिवंत कृमीत तो दिव्याच्या ज्योतीसारखा दिसतो. मेलेल्या कृमीत, रंगवलेल्या स्लाइडवर ही ज्योत तुम्हाला कधीच दिसणार नाही. हे एक कारणसुद्धा पहाटे उठायला पुरेसं आहे.

रक्त नाही म्हटल्यावर प्राणवायू प्रत्येक पेशीपर्यंत पोचणार कसा? नुसता झिरपत. झिरपणं थोड्या अंतरापुरतंच चालतं. आमच्याकडं धपाटं जाड थापलं की आतून कच्चं राहतं, पातळ थापलं की लगेच भाजतं, तोच हिशोब. म्हणून हा संघ लांबीला वाटेल तेवढा वाढला, जाडीला मात्र वाढू शकला नाही. माणसाच्या आतड्यातला टीनिया सॅजिनाटा ४ ते १२ मीटरपर्यंत सहज जातो, पण त्याची जाडी कागदाच्या आसपासच. अँफिस्टोम जाड दिसतो खरा, तोही शेवटी एखाद्या सेंटिमीटरचाच जीव.

नावांची भीती घालवायची तर एक गोष्ट करा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, लॅटिन-ग्रीक नावं म्हणजे डोंगर वाटतो. पण आपल्या शालेय पुस्तकातले शब्द त्या नावांचे सरळ अर्थच आहेत. प्लॅटी म्हणजे चपटा, हेल्मिन्थ म्हणजे कृमी. सेस्टोड हा शब्द पट्ट्यावरून आला, म्हणून पट्टकृमी. टीनियाचा अर्थ फीत. फॅसिओलाचा अर्थ छोटी पट्टी. ट्रिमॅटोड म्हणजे भोकं असलेला. जुन्या लोकांना त्याचे चूषक, म्हणजे चिकटून राहायचे वाटीसारखे अवयव, भोकांसारखे वाटले म्हणून. माझ्या वहीच्या मागच्या पानावर अशी दोन रकान्यांची यादी होती आणि नेटच्या परीक्षेपर्यंत ती मला पुरली.

मात्र 'जंत' हा शब्द जपून वापरा. आपल्या बोलीत जंत म्हणजे पोटातलं काहीही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडॅझोलची गोळी देतात, ती मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोलकृमींसाठी असते. नारूसुद्धा गोलकृमीच. चपट्याकृमींची औषधं, वागणं, शरीररचना सगळंच निराळं. तोंडी परीक्षेत "चपट्याकृमीचं उदाहरण द्या" म्हटल्यावर "अस्कॅरिस" म्हणणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतो.

आता वर्गीकरण. अभ्यासक्रमात सहसा टर्बेलेरिया, ट्रिमॅटोडा आणि सेस्टोडा असे वर्ग शिकवतात. काही पुस्तकं मोनोजेनिया वेगळा काढतात. परीक्षेत पुस्तकात आहे ते लिहा, मार्क घालवू नका. पण मनात एवढं ठेवा की 'टर्बेलेरिया' हा आता खरा गट मानला जात नाही. परजीवी नसलेल्या सगळ्यांना एका पोत्यात भरून त्याला ते नाव दिलं होतं. त्या पोत्यातले अ‍ॅसील नावाचे जीव तर डीएनएच्या पुराव्यावरून या संघातूनच बाहेर काढले गेले. ते आता झेनासीलोमॉर्फा या वेगळ्याच शाखेत बसतात. उलट परजीवी असलेले तिन्ही गट, म्हणजे मोनोजेनिया, ट्रिमॅटोडा आणि सेस्टोडा, खरोखरच एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. त्यांना मिळून निओडर्माटा म्हणतात, 'नव्या कातडीचे'. अळी असताना अंगावर केसाळ आवरण असतं. पोशिंद्याच्या, म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्या प्राण्याच्या, अंगात शिरताना ते टाकून देतात आणि त्याखाली सलग, पेशींच्या भिंती नसलेली नवी कातडी तयार होते. ही कातडी अन्न शोषते आणि पोशिंद्याच्या पाचकरसांना आणि प्रतिकारशक्तीला तोंड देते. पट्टकृमीला तर आतडंच नाही. तो कातडीनंच जेवतो. जेवणाच्या ताटातच बसलेल्याला तोंडाची काय गरज?

माझं स्पष्ट मत आहे की निओडर्मिस, म्हणजे ही नवी कातडी, ही एक गोष्ट नीट समजली की अर्धं वर्गीकरण आपोआप जागेवर बसतं. आमच्या वेळी ती कुणी शिकवली नाही. आम्ही वर्गांची लक्षणं पाढ्यांसारखी म्हणत होतो.

मुक्त राहणाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण ते माझं क्षेत्र नाही. पाण्यात दगडाखाली सापडणारा प्लॅनेरिया सगळ्यांना माहीत असतो. टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ च्या सुमारास त्याचे तुकडे करून पाहिले तेव्हा मूळ शरीराच्या २७९ व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यापासूनही पूर्ण प्राणी तयार झाला. हे करणाऱ्या निओब्लास्ट नावाच्या मूलपेशींवर बंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेत काम चालतं. मूलपेशींची आवड असेल तर तो रस्ता बघा. समुद्रातले पॉलिक्लॅड तर रंगीत रुमालासारखे सुंदर. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला दिसतात आणि पुष्कळदा लोक त्यांना समुद्री गोगलगाय समजतात. हातात घेतले की चिंध्या होतात. ते टिकवायचे तर गोठवलेल्या फॉर्मॅलिनवर अलगद सरकवून मारावे लागतात.

आणि पावसाळ्यात कोकणात, पुण्यातही, बाथरूममध्ये किंवा कुंडीखाली जो कुदळीच्या आकाराच्या डोक्याचा लांबलचक चिकट प्राणी निघतो, ज्याचा फोटो दर जूनमध्ये "विषारी नवा साप" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो बायपेलियम प्रजातीतला जमिनीवरचा चपटाकृमी. गांडुळं खातो. २०१४ मध्ये त्याच्या दोन जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडलं हे खरं, तेव्हा उघड्या हातानं चिवडू नका. पण तो चावत नाही, अंगावर धावत नाही. विळीनं कापू मात्र नका. एकाचे तीन होतील.

आता मुद्द्याचं: साहित्य गोळा करणं. इथंच बहुतेकांचं काम बिघडतं आणि बिघडलेलं कळत नाही.

माझा पीएच.डी.चा विषय गोड्या पाण्यातल्या माशांचे पट्टकृमी. पैठणला नाथसागराचे मासे मिळायचे: मरळ, वाम, क्वचित मागूर. मरळ आणि वाम यांच्या आतड्यात सेंगा नावाचा पट्टकृमी असतो. त्याच्या डोक्याच्या टोकाला तबकडी, तबकडीच्या कडेनं आकड्यांचा, म्हणजे हुकांचा, मुकुट आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन लांबट खाचा. जात ओळखताना आकड्यांची संख्या आणि मांडणी फार महत्त्वाची. पहिल्या वर्षी मला एका वामीत असा सेंगा सापडला की त्याचे आकडे कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. मुकुटात मधेच मोठी फट, डोकं फुगीर, मान नाहीच. मी दोन रात्री झोपले नाही. नवी जात! नावसुद्धा ठरवलं होतं, आईच्या नावावरून.

सरांनी स्लाइड पाहिली. मला वाटलं आता पेढे. त्यांनी विचारलं, "मासा कधीचा?"

मासा दोन दिवस बर्फातला होता. मासा मेला की आतला कृमीही मरतो, कुजतो, फुगतो, आणि सगळ्यात आधी आकडे गळून पडतात. माझी 'नवी जात' म्हणजे टक्कल पडलेलं प्रेत होतं. वर मी ते नळाच्या पाण्यात धुतलं होतं. नळाच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, त्यामुळं पाणी अंगात शिरून कृमी आणखी फुगतो. म्हणून धुवायला मिठाचं पाणीच लागतं. माशाच्या कृमीला साधारण ०.७ टक्के, म्हैस-शेळीच्या कृमीला ०.८५ टक्के.

आमच्या विषयाचा हा दुखरा भाग आहे आणि तो नव्यानं येणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवा. आपल्याकडं एकेका माशातून एकाच प्रजातीच्या ढीगभर जाती वर्णन झाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच एखाद-दुसऱ्या नमुन्यावर, हातानं काढलेल्या आकृतीवर आणि बर्फातल्या माशावर उभ्या आहेत. मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे विचारलं तर उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणतज्ज्ञ त्यांतल्या कित्येक जाती संशयास्पद म्हणून बाजूला ठेवतात, आणि त्यात चुकून खरी असलेली जातसुद्धा जाते. नवीन जातीचा मोह पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सगळ्यांना होतो. एकाच जागेवरून निदान दहा-पंधरा चांगले नमुने हातात येईपर्यंत तोंड मिटून बसा.

मासा जिवंत किंवा तासाभरातला घ्या. कोळ्यांशी ओळख करा. होडी काठाला लागते त्या वेळी तिथं असा. आतडं काढून मिठाच्या पाण्यात उभं चिरा. कृमी ओढू नका, डोकं तुटून आत राहतं आणि डोक्याशिवाय पट्टकृमी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. शून्य नंबरच्या ब्रशनं हळूहळू सोडवा, नाहीतर तेवढा आतड्याचा तुकडाच कापून घ्या. थोडा वेळ तो सैल पडू द्या. मग गरम, जवळजवळ उकळतं मिठाचं पाणी किंवा गरम फॉर्मॅलिन एकदम ओता. ऐकायला क्रूर वाटतं, पण असा कृमी आखडायच्या आत सरळ रेषेत मरतो. दोन काचांमध्ये दाबून दोऱ्यानं करकचून बांधायची जुनी पद्धत मी शिकले आणि नंतर सोडली. दाबलं की मोजमापं पसरतात, मग "आमचा नमुना दीडपट रुंद आहे" असं लिहून आणखी एक जात जन्माला येते.

एक तुकडा फॉर्मॅलिनचा वासही लागू न देता थेट ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये टाका. तो डीएनएसाठी. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए काढणं म्हणजे जळलेल्या पत्राची अक्षरं लावण्यासारखं. आज नुसत्या आकृतीवर नवी जात चांगल्या नियतकालिकात छापून येणं अवघड आहे, आणि ते बरंच झालं.

रंगवण्याची कृती कुठल्याही प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात मिळेल: कारमाइन किंवा हिमॅटॉक्सिलिन, आम्ल अल्कोहोलमध्ये जास्तीचा रंग उतरवणं, चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, झायलीननं पारदर्शक करणं, डीपीएक्स या डिंकासारख्या द्रावणात स्लाइडवर बसवणं. पुस्तकात नसतं ते एवढंच की घाई शेवटच्या टप्प्यात होते. शंभर टक्के अल्कोहोलची बाटली आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी राहिली की ती शंभर टक्के राहत नाही, आणि मग झायलीन दुधासारखं पांढरं होतं. स्लाइड ढगाळ झाली की परत मागं जा. आणि सुरुवातीच्या त्या डाळिंबाच्या दाण्यांना ही कृती लागूच पडत नाही. अँफिस्टोम इतका जाड की सगळा लाल गोळा दिसतो. त्याचे उभे मधोमध पातळ काप घ्यावे लागतात आणि घशाचे, मागच्या मोठ्या चूषकाचे स्नायू पाहून ओळख पटवावी लागते. नॅसमार्क यांनी १९३७ मध्ये घालून दिलेली ही पद्धत आजही चालते. मी पाच अँफिस्टोमच्या अख्ख्या स्लाइड केल्या होत्या. त्या आता पेपरवेट आहेत.

सुरुवात कशापासून करायची असं कुणी विचारलं तर मी शेळी-मेंढीचा मोनिएझिया सांगते. परकराच्या नाडीसारखा पांढरा, पाच-सहा मीटरपर्यंत लांब, उघड्या डोळ्यांना दिसणारा, आणि माणसाला त्याचा धोका नाही. शरीराच्या प्रत्येक खंडात जननेंद्रियांचे दोन संच, दोन्ही कडांना एकेक. खंडाच्या मागच्या कडेला ग्रंथींची ओळ असते: ती कडेभर पसरलेली असेल तर मोनिएझिया एक्स्पान्सा, मधल्या थोड्या भागातच असेल तर बेनेडेनी. एका स्लाइडवर दोन जातींमधला फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे जमेल.

त्याच्या उलट, डुकराच्या टीनिया सोलियमला हातमोज्यांशिवाय शिवू नका. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन गाठी करतात, आणि फिट येण्यामागं हे एक मोठं कारण आहे. इथं गोंधळ नेहमीचा, म्हणून नीट लक्षात घ्या. गाठी असलेलं डुकराचं मांस कच्चं राहिलं की आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र अंड्यांमुळं, आणि अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून, हात न धुतल्यानं, न धुतलेल्या भाजीवरून. माझी मावशी माळकरी. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आम्हाला काय त्याचं, आम्ही तर शाकाहारी." तिला कोबी धुवायची सवय लावायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. तपासून झालेली यकृतं, फुप्फुसं कुत्र्यांना टाकू नका. पाण्यानं भरलेली पांढरी गाठ दिसली की ती हायडॅटिडची असू शकते. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा, तीन-चार खंडांचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्र्यानं ती गाठ खाल्ली की त्याच्यात हजारो कृमी, त्याच्या विष्ठेतून अंडी, आणि ती अंडी आपल्या पोटात गेली की तशीच गाठ आपल्या यकृतात. कत्तलखान्याच्या मागं जी धष्टपुष्ट कुत्री असतात त्यांच्याशी लाडीगोडी नको.

पर्णकृमींच्या, म्हणजे ट्रिमॅटोडांच्या, जीवनचक्रासाठी मुलं रडतात. अंडं आणि मग एकामागून एक अळीच्या अवस्था: मिरॅसिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया, सर्केरिया, मेटासर्केरिया. माझा उपाय एकच: गोगलगायी गोळा करा. आपल्याकडच्या म्हशींत फॅसिओला जायगँटिका असतो, आणि त्याची पुढची पिढी लिम्निया गोगलगायीत वाढते. अंड्यातून निघालेला एक मिरॅसिडियम गोगलगायीत शिरतो आणि बाहेर पडताना शेकडो सर्केरिया होऊन पडतो. म्हणजे गोगलगाय हे नुसतं वाहन नाही, ती त्याची छापखान्याची जागा आहे. हे एकदा लक्षात आलं की सहा नावं पाठ करावी लागत नाहीत. शेणातली अंडी पाहायची तर मिठाच्या दाट द्रावणात तरंगवू नका; पर्णकृमीची अंडी जड, ती तळाला बसतात, म्हणून पाण्यात ढवळून गाळ तपासायचा. फॅसिओलाचं अंडं पिवळसर, अँफिस्टोमचं जवळजवळ रंगहीन, पारदर्शक. आकारावरून भांडत बसण्यापेक्षा हा रंग लवकर उत्तर देतो.

आणि गोगलगाय शोधताना रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी आठवा. माणसाच्या मूत्राशयाजवळच्या रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा हिमॅटोबियम, ज्याच्यामुळं लघवीतून रक्त जातं, तो आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा रोगकृमी. थिओडोर बिलहार्झ यांना या जातीचे कृमी कैरोमध्ये १८५१ साली सापडले. भारतात तो नाही असंच मानलं जात होतं. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी गिमवीतून स्थानिक लागण नोंदवली आणि फेरिसिया टेन्युइस नावाच्या, टोपीसारख्या कवचाच्या इवल्याशा गोगलगायीकडं बोट दाखवलं. पुढं ती लागण विझली. जगाच्या नकाशावर आफ्रिकेसोबत कोकणातलं एक खेडं एका चपट्याकृमीमुळं आलं, हे मला एम.एस्सी. संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शिस्टोसोमाची आणखी एक गंमत: या उभयलिंगी संघात तो नर-मादी वेगळे असलेला अपवाद. नराच्या अंगाला लांब घडी असते आणि सडपातळ मादी तिच्यात राहते.

मोनोजेनियाबद्दल फार लिहीत नाही. माशांच्या कल्ल्यांवर मागच्या आकड्यांनी चिकटून राहतात, दुसरा पोशिंदा लागत नाही. त्यातला गायरोडॅक्टिलस मात्र एकदा तरी जिवंत पाहा: पोटात पोर, त्या पोराच्या पोटात आणखी एक पोर, सगळं पारदर्शक. मत्स्यपालनात नोकरी करायची असेल तर मोनोजेनियावर काम असणं फायद्याचं, कारण तळ्यातले मासे त्यानं मरतात आणि तळ्याचा मालक पैसे देतो.

नोकरीचं विचारालच. खरं सांगायचं तर 'हेल्मिन्थॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात मी पाहिलेली नाही. मी सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झाले, पाच वर्षं तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत एसटीनं हेलपाटे घातले, मानधन कधी सहा महिन्यांनी यायचं, मग कायम झाले. माझ्याबरोबरच्या पाच जणांपैकी दोघं या विषयातच नाहीत. जनावरांच्या रोगांवर काम करायचं मनात असेल तर बारावीनंतरच ठरवा. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पशुवैद्यक परजीवीशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो, पण तिथं जायला आधी पशुवैद्यक पदवी लागते, प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.वर ते दार उघडत नाही. वर्गीकरणाची ओढ असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण ही जागा. पुण्यात आकुर्डीला त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या कपाटांतले नमुने पाहायला रीतसर परवानगी मागून जा, आणि तुमचे स्वतःचे नमुनेही अशाच ठिकाणी जमा करून नोंदणी क्रमांक घ्या. माशांकडं ओढा असेल तर मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. आणि डीएनएचं काम हातात असेल तर दारं आणखी वाढतात. फक्त मायक्रोस्कोप सोडू नका, नाहीतर कुठल्या प्राण्याचा डीएनए काढलाय हेच सांगता येत नाही.

लेबलबद्दल एक वाक्य, कारण यावरून मी अजूनही मुलांना रागावते. पेन्सिलनं लिहायचं, बाटलीच्या आत टाकायचं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये एका रात्रीत जाते. पोशिंद्याचं नाव, अवयव, गाव, तारीख, कुणी गोळा केलं.

यंदाच्या बॅचनं ऑगस्टमध्ये गावतळ्यातून चकतीसारख्या चपट्या कवचाच्या इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायी आणल्या. एकेक गोगलगाय छोट्या बीकरमध्ये, थोडं पाणी, खिडकीतलं ऊन. दहा वाजेपर्यंत काही नाही. मुलं चहाला गेली. परत आली तर तिसऱ्या बीकरमध्ये पाणी धूसर दिसत होतं. थेंब स्लाइडवर घेतला: शेपटीला फाटे फुटलेल्या सर्केरिया, शेकडो, पोहत होत्या. फाटा फुटलेली शेपटी म्हणजे शिस्टोसोमाच्या कुळातलं काहीतरी असण्याची शक्यता. याच गोगलगायीत जनावरांच्या आतड्याजवळच्या रक्तवाहिन्यांतला शिस्टोसोमा स्पिंडेल वाढतो आणि नाकातला शिस्टोसोमा नेझेलही. नुसत्या सर्केरियावरून सांगता येत नाही. मी सगळ्यांना हात बाहेर काढायला लावले. भातलावणीत पायाला जी खाज सुटते ती पुष्कळदा अशाच सर्केरियांची.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या बैलाचं नाक वाजतं. झोपल्यावर माणसासारखा घोरतो. त्याच तळ्यावर पाणी पितो तो."

शनिवारी पशुधन अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याच्या गोठ्यात गेलो. बैलाच्या नाकातला शेंबूड काचेवर पसरला. विसाव्या मिनिटाला त्या मुलानंच अंडं शोधलं: लांबट, कोयत्यासारखं वाकलेलं, टोकाला काटा. नेझेल. त्याचे वडील गव्हाणीला टेकून उभे होते. म्हणाले, "औषध द्या की लवकर, रात्री झोपू देत नाही तो आम्हाला."